वास नसलेलं पाणी

बादली भरली की ती तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढायची, डोळे मिटायची आणि बादलीवर वाकून एक लांब श्वास घ्यायची. भाजीत मीठ पडलंय की राहिलंय हे काही बायका नुसत्या वाफेवरून सांगतात, तशी. मग मान हलवायची आणि म्हणायची, "हं. आता लागलं."

लागलं म्हणजे पाण्यात हायपो पुरेसं पडलं. हायपो हे आमच्या दवाखान्यातलं लाडाचं नाव. घरी पांढरे कपडे उजळवायला जे ब्लीच वापरतात, तेच, पण जास्त कडक.

"मावशी, मास्क काढून वास घेऊ नका. मोजायचा डबा दिलाय ना तुम्हाला?"

"मोजलं न, सिस्टर. पन मोजलेलं खरं हाय का नाई, हे बी त पाहा लागते."

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात नर्स आहे. बरीच वर्षं छातीच्या आजारांच्या वॉर्डात काढली, मग माझ्याकडे इन्फेक्शन कंट्रोलचं काम आलं. एक आजार घेऊन आलेला माणूस आमच्याकडून दुसरा आजार घेऊन जाऊ नये, एवढंच ते काम. कोण हात धुतं, कोण नुसते ओले करतं, सुया कुठे पडतात, फरशी कशानं पुसतात, हे बघत फिरायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. मावशी त्याच वॉर्डात सफाईला होती. कंत्राटावर. तिचं नाव रजिस्टरमध्ये होतं, पण सगळे मावशीच म्हणायचे, तिच्याहून मोठ्या असलेल्या मेट्रनसुद्धा.

तुम्ही कधी दवाखान्यात पेशंटजवळ बसला असाल तर अशी बाई तुम्ही पाहिली असेल. पाहिली म्हणजे, फडकं जवळ आलं तसे पाय वर घेतले असतील. चेहरा आठवणार नाही.

हिचा चेहरा मात्र पेशंटांच्या लक्षात राहायचा, कारण ती बोलायची. पन्नाशीच्या आसपासची, बुटकी, कपाळावर बारीक टिकली, प्लास्टिकच्या चपला. नवरा लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनवर होता, घरही तिथंच; तो गेल्यावर ती या कामाला लागली. पुसता पुसता प्रत्येक पलंगाशी तिचा एक प्रश्न असायचा. "झोप लागली का?" "सून आली होती का भेटाले?" आणि माझ्यासाठी राखून ठेवलेला एक वेगळा प्रश्न होता. मी कुठलंही नवं औषध, नवं फडकं, नवा नियम घेऊन गेले की ती हातातलं काम थांबवून विचारायची, "पन सिस्टर, मरते का वं थे जंतू यानं?"

तिच्या नाकावर माझा विश्वास एका मे महिन्यात बसला. हायपोचे नवे कॅन आले होते. तिनं नेहमीसारखी बादली भरली, वाकली आणि म्हणाली, "हे मेलेलं हाय."

मी म्हटलं, कालच आलेत कॅन, सीलबंद.

"असन सील. याच्यात जीव नाई."

क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या माझ्याकडे असतात. पाण्यात बुडवली की रंग बदलते. मी बुडवली. रंग अगदीच फिका आला. चौकशी केली तेव्हा कळलं, कॅन आठवडाभर गच्चीच्या जिन्यात पडून होते, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. उन्हानं हायपो मरतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, तिनं ते वासावरून सांगितलं. त्या दिवसापासून मी तिच्या बादलीत पट्टी बुडवणं हळूहळू सोडून दिलं. रजिस्टरमध्ये 'योग्य' असं लिहायचं आणि खाली सही करायची. हे मी अभिमानानं सांगत नाहीये.

मग कोरोना आला. त्या दिवसांबद्दल लिहायचं म्हटलं की माझा अजून गोंधळ होतो. सकाळी एक पत्रक यायचं, संध्याकाळी दुसरं. भिंती पुसा. भिंती पुसू नका, जिथं हात लागतो तेवढंच पुसा. फवारा. फवारू नका. चपला बुडवा. लोक गल्लीत पंप घेऊन झाडांवरसुद्धा फवारत होते. मी एक पत्रक भिंतीवर चिकटवायची, तोवर त्याच्यावर चिकटवायचं दुसरं आलेलं असायचं.

मावशी ते थर बघायची आणि म्हणायची, "आज कोनता नियम हाय, हे त्या वायरसले माहीत हाय का?"

मी थकलेली होते. एकदा तिनं विचारलं, नक्की किती टाकू, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, थोडं जास्त पडलं तरी चालेल. कमी नको पडायला." हे वाक्य मी बोलले आणि विसरून गेले. ती विसरली नाही.

दुसऱ्या लाटेत तिलाही झाला. आमच्याच दवाखान्यात खाट मिळाली. महिन्याभरानं कामावर परत आली तेव्हा थोडी वाळली होती, बाकी तशीच. पहिल्याच दिवशी तिनं बादली भरली, मास्क खाली ओढला, डोळे मिटले, वाकली. "हं. लागलं." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. एवढे लोक गेले होते, आणि ही बादलीवर वाकलेली तशीच्या तशी होती.

पुढच्या दोन वर्षांत वॉर्डात काहीतरी बदलत गेलं, आणि ते मला कळत नव्हतं. पलंगांच्या कठड्यांचा रंग सोलून निघायला लागला. लॉकरच्या कड्या गंजल्या. सकाळच्या पाळीच्या दोघी नर्स डोकं दुखतं म्हणायच्या. मला स्वतःला जाणवायचं नाही, कारण माझ्या तोंडावर सदा वास अडवणारा, कोळशाच्या थराचा घट्ट मास्क. काटोलकडचे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर दम्यासाठी आमच्याकडे होते, सगळ्या वॉर्डाचे बाबा. राउंडला डॉक्टरांची गर्दी झाली की ओरडायचे, "चला, पुढे सरका!" बाबांचा दम रात्रीतून उतरायचा आणि सकाळी फरशी पुसून झाली की चढायचा. एका सकाळी इतका चढला की त्यांना आयसीयूत न्यावं लागलं.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. "सिस्टर, हायपोची वाफ दम्याच्या माणसाला सोसत नाही. तुम्ही वापरता ते प्रमाणात आहे ना?"

"आहे, मॅडम. रजिस्टर दाखवते."

"तरी दुसरं काही बघा. सर्दी, फ्लू, कोरोना, हे सगळे श्वासाचे विषाणू मरतील, पण पेशंटचा श्वास कोंडणार नाही, असं."

मग मी दुसरं काही बघायला लागले, आणि गोंधळात आणखी भर पडली. विक्रेते यायला लागले. एकाकडे अतिनील किरणांचा निळा दिवा होता, खोली रिकामी करून लावायचा. आमचा वॉर्ड शेवटचा रिकामा कधी होता ते कोणालाच आठवत नव्हतं. एकाकडे हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण होतं, जवळजवळ बिनवासाचं. एकाकडे मीठ-पाण्यात वीज सोडून जंतू मारणारं पाणी तयार करणारं मशीन होतं. ते पाणी किती निर्धोक आहे हे पटवायला त्यानं आमच्यासमोर अर्धा ग्लास पिऊन दाखवलं.

मावशी दाराशी पोछा घेऊन उभी होती. त्याचा ग्लास खाली ठेवून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "जे मानसाले काईच करत नाई, थे वायरसले काय करन?"

विक्रेता हसला. मीही हसले. त्याचं खरं उत्तर आहे, आणि ते मला पाठ होतं: विषाणू केवढासा, माणूस केवढा. पण ते मी तिला सांगायला लागले तेव्हा मलाच ते पुरेसं वाटेना. सगळेच म्हणत होते, आमच्यानं मरतात. सगळ्यांकडे प्रमाणपत्रं होती. शिवाय डॉक्टर मॅडम सांगत होत्या की हे विषाणू फरशीवरून कमी आणि हवेतून जास्त पसरतात, म्हणजे खरं काम खिडक्यांचं. आणि बाहेरच्या धुळीनं दम चढतो म्हणून पेशंट खिडक्या बंद करा म्हणत होते.

शेवटी पेरॉक्साइडचं द्रावण अर्ध्या वॉर्डात वापरून बघायचं ठरलं. संडास-बाथरूमला हायपो, पलंगांच्या एका रांगेला हायपो, दुसऱ्या रांगेला नवं. त्याच्या डब्यावर लिहिलं होतं की पुसल्यावर पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. मी मावशीला ते वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ती पलंगांच्या मध्ये स्टुलावर बसलेली, समोरच्या लॉकरकडे एकटक बघत.

"काय झालं, मावशी?"

"हात नका लावू. मरून राहिलं."

"असं बसून राहायची गरज नाही."

"गरज कशी नाई? तीन मिन्टात सुकून राहिलं हे. दोनदा वल्लं केलं. ज्यानं दहा मिन्टं लिहिलं, थो नागपुरात राह्यला होता का उन्हाळ्यात?"

मी घड्याळ लावून पाहिलं. तिचं खरं होतं. वर पंखा, बाहेर लाही करणारी हवा, आणि स्टीलवरचं पाणी बघता बघता नाहीसं होत होतं. मी ते विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, चौकशी करून सांगतो. तोपर्यंत आम्ही तिसऱ्यांदा ओलं करायचं ठरवलं. नातेवाईक कुरकुरायचे ते वेगळंच. त्या रांगेतले लोक मला बोलावून सांगायचे, "मॅडम, आमच्या इकडे बरोबर साफ करत नाहीत. औषधाचा वासच येत नाही."

त्या चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. तीन सारख्या निळ्या बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एकीत हायपो, एकीत नवं द्रावण, तिसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. ते पाणी मीच नळाखाली भरून कडेला ठेवलं होतं. बाकीच्या दोन्हींवरचे कागद भिजून गळून पडले होते आणि कोणती कोणती ते मला कळेना. माझ्या तोंडावर तो घट्ट मास्क. पट्टी आणण्यापेक्षा तिचं नाक सोपं, म्हणून मी तिला हाक मारली.

"मावशी, जरा वास घेऊन सांगा, हायपोची कोणती?"

तिनं मास्क खाली ओढला. डोळे मिटले. एकेका बादलीवर वाकली. तिसरीवर जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, "ही."

ती साध्या पाण्याची होती.

मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसले. ती हसली नाही. माझा चेहरा बघून तिला कळलं की चुकलं, आणि घाईनं दुसऱ्या बादलीकडे बोट दाखवत म्हणाली, "नाई, ही. ही हाय."

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला वास येतो ना?"

ती खाली बसली. तिथंच, ओल्या फरशीवर.

"कोनाले सांगू नका, सिस्टर."

"कधीपासून?"

"कोरोनात गेला थो आलाच नाई. कायचाच येत नाई. भाजी जळून राह्यली त शेजारीन येऊन सांगते."

"दोन वर्षं? मग तुम्ही हायपो कशावरून ठरवत होता?"

"डोयानं." तिनं पापणीवर बोट ठेवलं. "चुरचुरले का समजायचं, लागलं. गळा खवखवला का समजायचं, लागलं. आज तिन्ही बादल्या जवळ जवळ, त चुरचुर कोनतीची समजलंच नाई."

मला हळूहळू उमगत गेलं. डोळ्यांना, घशाला सवय होते. आज चुरचुरायला जेवढं लागतं, तेवढं सहा महिन्यांनी पुरत नाही. ती डबा मोजून ओतत होती आणि मग डोळे बोलेपर्यंत वरून आणखी ओतत होती. कमी पडू नये म्हणून. तसं मीच सांगितलं होतं.

"पन तुमी सांगतलं न, जास्त चालते," ती म्हणाली. तक्रार करून नाही, विचारल्यासारखी. मग आवाज आणखी खाली नेऊन म्हणाली, "त्या बाबाले माझ्याच पान्यानं झालं का वं?"

मी बाकीच्या दोन्ही बादल्यांत पट्ट्या बुडवून पाहिल्या. हायपोच्या बादलीत जितका गडद रंग त्या पट्टीच्या तक्त्यावर छापलेला आहे, त्याच्याही पलीकडचा आला. दोन वर्षांच्या रजिस्टरमध्ये 'योग्य', 'योग्य', 'योग्य', आणि खाली माझी सही. बाबांना फ्लूही निघाला होता. ते घरी चोरून विडी ओढायचे. त्या आठवड्यात हवाही वाईट होती. आणि आमची फरशीही होती. "माहीत नाही, मावशी," एवढंच मी म्हणाले. तेव्हाही ते खरं होतं आणि आजही आहे. बाबा आयसीयूतून बाहेर आले, ऑक्सिजनचं मशीन घेऊन घरी गेले. जाताना मावशीला म्हणाले, "चल बाई, आता तू पुढे सरक." ती त्यांच्या पाया पडली. त्यांना काही कळलं नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक बादलीत पट्टी बुडवते. तिच्या नाकाबद्दल मी कोणाला सांगितलं नाही, माझ्या सह्यांबद्दलही नाही. डॉक्टर मॅडमना म्हटलं, मावशीला खोकला आहे, जरा तपासा. त्यांनी नळीत फुंकायला लावलं. मावशीनं फुंकलं, पुन्हा फुंकलं, आणि मशीनच्या पडद्याकडे परीक्षेचा निकाल बघावा तसं बघत राहिली.

"फुप्फुसं अर्ध्या जोरानं चालताहेत," मॅडम म्हणाल्या. "हायपोनं असेल. कोरोनानं असेल. लाकडाचा भुसा, चुलीचा धूर, तेही असेल. वेगळं करून सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही लिहून द्या. हिला क्लोरीनचं काम देऊ नये असं."

मला वाटलं होतं, मी शहाणपणा करते आहे. आता अर्धा वॉर्ड नव्या द्रावणावर होता. ती तेवढीच रांग करेल, तिचा श्वास वाचेल, बाथरूमचं काम दुसरी कोणी करेल. मॅडमनी लिहून दिलं, मी ते कंत्राटदाराच्या सुपरवायझरला नेऊन दिलं आणि दोन दिवस सुट्टीवर गेले.

परत आले त्या सकाळी ती गेटवर उभी होती. हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवत होती, मशीन लाल दिवा दाखवत होतं. तिनं अंगठा पदराला पुसला, तोंडाची वाफ दिली, पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

"हायपोनं रेघा मिटल्या असतीन, सिस्टर," ती मला म्हणाली. "मांगं बी झालं होतं असं."

रेघा मिटल्या नव्हत्या. तिचं नाव काढलं होतं.

सुपरवायझर मला म्हणाला, "तुमीच त कागद आनून देल्ला. सफाईच्या बाईले सफाईचं पानी चालत नाई, मंग ठेवू कायले तिले?"

मी त्याला नव्या द्रावणाचं सांगितलं. तो म्हणाला, बाथरूमला हायपोच आहे ना अजून? होतं. मी मेट्रनकडे गेले, अधीक्षकांकडे गेले. सगळ्यांनी पाणी विचारलं, खुर्ची दिली, बघू म्हणाले. मी पुष्कळ दिवस जात राहिले. मग दुसरी बाई आली, चटपटीत, डबा मोजून ओतणारी, कुठलाही प्रश्न न विचारणारी. नवं द्रावण पूर्ण वॉर्डात सुरू झालं. डोकी दुखायची थांबली. कठड्यांना रंग दिला. वॉर्डात आल्यावर फ्लू लागणारे पेशंट कमी झाले का? एका महिन्यात कमी झाले, पुढच्या महिन्यात वाढले. मी दोन्ही महिन्यांचे कागद शेजारी ठेवून बघत बसते.

चार महिन्यांनी मी तिला शोधत मनीषनगरला गेले. ती मुलीकडे राहत होती, दुसऱ्या मजल्यावर. दार मुलीनं उघडलं. ती मला ओळखत होती, आणि तिनं पाणी आणायच्या आधीच ते सांगून टाकलं.

"तुमच्या कागदानं माझ्या आईचं काम गेलं."

"चूप वं," आतून आवाज आला. "त्याईनं चांगल्यासाठीच केलं."

"चांगल्यासाठी केलं त मंग वाईट काहून झालं?" मुलगी म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी आतल्या खोलीत गेले.

मावशी पलंगावर बसून नातवाच्या शाळेच्या सदऱ्याला बटण लावत होती. दोन वाक्यांमध्ये थांबत होती. वॉर्डाचं सगळं विचारलं. कोण आहे, कोण गेलं. मग म्हणाली, "मंग कोनतं पानी चांगलं, समजलं का तुमाले?"

"नाही, मावशी. पूर्ण नाही समजलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटल्यासारखं हसू आलं. "मले वाटे, मलेच समजत नाई."

मी निघाले तर ती सोडायला खाली आली. नको म्हटलं तरी आली. प्रत्येक वळणावर थांबत, एकेका बिऱ्हाडाचं काहीबाही सांगत, म्हणजे दम लागल्यामुळे थांबली असं वाटू नये. खाली पोचल्यावर तिनं बाहेरच्या ऑक्टोबरच्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्कार्फ बांधा, सिस्टर. गंज ऊन तापून राहिलं."

मी गाडीजवळ जाऊन स्कार्फ बांधला, डोक्यावरून, तोंडावरून, मागे गाठ. वर पाहिलं तेव्हा ती परत जिना चढायला लागली होती. तिसऱ्या पायरीवर थांबली होती, पाठमोरी, एक हात भिंतीला. मी किल्ली फिरवली नाही. तिचा पाय चौथ्या पायरीवर पडेपर्यंत उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो पडला, आणि मग ती पुन्हा थांबली.